भाकरी, हाक आणि हात
(साक्षरता वर्गात केलेले भाषण)



आज आपण दारच्या कुत्र्याविषयी दोन शब्द बोलणार आहोत. विषय ऐकून मागे कोणी हसले, ते आम्हांला दिसले. हसा बापडे! पण शेवटपर्यंत ऐका. कारण हा विषय कुत्र्याचा आहे तसाच तुमच्या-आमच्या लेकरांच्या जिवाचाही आहे.

आपल्याकडे बहुतेक घरी कुत्रा असतो. वस्तीवर असतो, गोठ्यापाशी असतो, मेंढवाड्यात तर असतोच. कोणी विचारले, "कुत्रा कोणाचा?" तर आपण सांगतो, "आमचा." बरे, मग आम्ही विचारतो : त्याचे नाव काय? त्याच्या पाठीवरून हात कधी फिरवला होता? त्याच्या पायात काटा रुतला तर तो पाय तुमच्या हातात देईल का?

इथे पुष्कळ जण गप्प होतात. बिचाऱ्याने जन्मभर एकच शब्द ऐकलेला असतो : "हाड!" त्याला वाटत असेल, हेच आपले नाव! असा कुत्रा आपल्या दारात राहतो, पण आपला होत नाही. भाकरीपुरता आपला, एवढेच.

देव्हाऱ्यात मान, दारात दगड

आपल्या देवादिकांनी कुत्र्याला दूर लोटले नाही. जेजुरीच्या खंडोबाच्या चित्रात घोड्याबरोबर कुत्रा असतो. दत्ताच्या पायांशी चार कुत्रे असतात. नामदेव महाराजांची गोष्ट तर घरोघर सांगतात. कुत्र्याने भाकरी पळवली, तर महाराज तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले. का, तर कोरडी भाकरी त्याला लागू नये! आणि महाभारतात धर्मराज काय म्हणाला? बरोबर आलेल्या कुत्र्याला सोडून मी स्वर्गात येणार नाही.

हे सगळे आपण कीर्तनात ऐकतो, मान डोलावतो, आणि घरी येऊन कुत्र्याला दगड मारतो. असे का व्हावे?

कोणी म्हणेल, "गुरुजी, माणसांचेच भागत न्हाई, तिथं कुत्र्याचे लाड कुठून करायचे?" रास्त प्रश्न आहे. पण आम्ही लाड करा असे म्हणत नाही. गादी नको, साबण-अत्तर नको. जे सांगणार आहोत त्याला पैसा जवळजवळ लागत नाही. तीनच गोष्टी आहेत : भाकरी, हाक आणि हात.

आधी त्याचा स्वभाव ओळखा

कुत्रा मूळचा लांडग्याच्या कुळातला. माणसाजवळ आलेले हे पहिले जनावर. गाय, शेळी, मेंढी यांच्याही आधी, दहा हजार वर्षांहून जास्त काळापूर्वी, तो माणसाच्या सोबतीला आला. लांडगा कळपाने राहतो. कुत्र्यालाही कळप लागतो. आपले घर हाच त्याचा कळप.

इतकी वर्षे माणसाजवळ राहून तो आपला आवाज ओळखायला शिकला. आपला चेहरा वाचायला शिकला. आपण बोट दाखवले तर बऱ्याच वेळा तो बोटाच्या दिशेने बघतो. आपण रागावलो की हसलो, हे त्याला कळते. म्हणजे जवळ यायची त्याची तयारी आहेच. अडते ते आपल्यापाशी.

"गावठी कुत्रं काय शिकणार?" असेही म्हणतात. हे खरे नाही. गावठी कुत्रा काटक असतो, आपल्या हवेला सरावलेला असतो आणि हुशारही असतो. आपल्या दख्खनच्याच मुधोळ जातीची पिले 2016 साली लष्कराने शिकवण्यासाठी मेरठच्या केंद्रात नेली. देशी कुत्रा शिकतो, शिकवणारा हवा.

पहिली गोष्ट : भाकरी

भाकरी सगळेच टाकतात. पण कशी? कधी सकाळी, कधी रात्री, कधी विसरली. मग तो उकिरड्यावर जातो, शेजाऱ्याच्या कोंबड्या धरतो, आणि शिव्या आपण खातो.

दोन वेळा ठरवा. जर्मनची एखादी जुनी थाळी त्याची म्हणून ठेवा. भाकरी पाण्यात किंवा दुधात कुसकरून द्या. जमेल तेव्हा उकडलेले अंडे द्या. खापरात स्वच्छ पाणी दिवसभर असू द्या. कुत्र्याच्या अंगाला आपल्यासारखा घाम सुटत नाही. तो जीभ काढून धापा टाकतो आणि अंग थंड करतो. म्हणून उन्हाळ्यात पाणी आणि सावली त्याला भाकरीइतकीच गरजेची.

काय देऊ नये तेही ध्यानात ठेवा. कांदा, लसूण देऊ नका. त्याने त्याचे रक्त बिघडते. द्राक्षे, मनुका आणि चॉकलेट त्याला विषासारखे आहे. शिजलेल्या कोंबडीची हाडे देऊ नका. ती चिरफाळतात आणि आतड्यात रुततात. नासलेले अन्न तर नकोच.

आणि पोरांना बजावून सांगा : तो खात असताना थाळीला हात लावायचा नाही.

दुसरी गोष्ट : हाक

त्याला नाव द्या. नाव लहान असावे : मोती, राजा, वाघ्या, चांदी. घरातल्या सगळ्यांनी त्याच नावाने हाक मारावी. हाक मारावी ती चांगल्या कामासाठी. भाकरीच्या वेळी मारा, फिरायला नेताना मारा. जवळ आला की, "शाबास, मोती!" म्हणा.

पुष्कळ जण काय करतात? कुत्र्याने चप्पल फाडली की गोड आवाजात बोलावतात, "ये, ये," आणि जवळ आला की काठी घालतात. तो यातून काय शिकतो? चप्पल फाडू नये, हे तो शिकत नाही. हाकेला गेले की मार बसतो, हे शिकतो. पुढे तुम्ही घसा कोरडा करा, तो येणार नाही.

सकाळी केलेल्या खोडीची शिक्षा संध्याकाळी देण्यात तर काहीच अर्थ नाही. त्याला त्या दोन गोष्टींचा मेळ लागत नाही. तो चोरटा दिसतो, मान घालतो, ते आपल्या रागाला भिऊन.

आम्ही जन्मभर मुले शिकवली. छडीने धडा पाठ होतो, पण शाळेची भीती बसते. शाबासकीने शिकलेले टिकते. कुत्र्याचेही तसेच आहे. चांगले केले की तिथल्या तिथे शाबासकी आणि भाकरीचा तुकडा. वाईट करू लागला की खणखणीत "नको!" आणि लक्ष दुसरीकडे वळवा. "ये", "बस", "नको" एवढे तीन शब्द पुरेत. रोज दहा मिनिटे द्या. मात्र सगळ्यांनी शब्द तेच वापरावेत. आजोबांनी "बस" म्हणायचे आणि नातवाने "खाली" म्हणायचे, असे केले तर त्याने कोणाचे ऐकावे?

तिसरी गोष्ट : हात

ही सगळ्यांत मोठी गोष्ट. अंगावर हात लावू देतो तोच कुत्रा आपला.

नव्या किंवा बुजऱ्या कुत्र्याच्या अंगावर एकदम वाकू नका. बाजूला उकिडवे बसा. त्याला हात हुंगू द्या. तो आपण होऊन जवळ आला की हनुवटीखाली, छातीला हळू खाजवा. डोक्यावरून एकदम हात आला की त्याला वाटते, मार आला. घाई करू नका. आज एक क्षण, उद्या दोन.

पुढे रोज पाठ, कान, पाय, पंजे यांवरून हात फिरवा. तोंड उघडून बघा. कानात गोचीड आहे का? पंजात काटा आहे का? कुठे जखम चिघळली आहे का? हाताची सवय लागली की औषध पाजणे सोपे होते.

त्याची बोलीही शिकून घ्या. शेपूट पायांत घातली, कान मागे टाकले, तोंड वळवले, तर तो म्हणतो, "मला भीती वाटते." अंग ताठ आणि शेपूट उंच असेल, तर शेपूट हलत असली तरी जवळ जाऊ नका. शेपूट हलली म्हणजे खूश झाला, असे दर वेळी नसते. आणि गुरगुरणे ही त्याची नोटीस आहे, "थांबा, पुढे येऊ नका." गुरगुरला म्हणून मारू नका. मारून गुरगुरणे बंद पडेल, पण भीती तशीच राहील. मग तो नोटीस न देताच चावेल.

झोपलेल्या, खात असलेल्या किंवा पिलांपाशी असलेल्या कुत्र्याजवळ लेकरांना जाऊ देऊ नका. लहान मूल आणि कुत्रा यांना एकटे सोडू नका, तो कितीही गरीब असला तरी.

साखळी आणि बिबट्या

काही जण म्हणतात, "बांधून ठेवला की कुत्रा कडक होतो." कडक नव्हे, तो चिडका होतो. दिवसभर आखूड साखळीला बांधलेला कुत्रा येईल त्याच्यावर भुंकतो. चोर कोण आणि सोयरा कोण, हे त्याला कळेनासे होते. मेंढपाळांकडे बघा. पिलू मेंढरांत वाढते, मालकाबरोबर रान तुडवते. म्हणून मोठेपणी ते कळप सोडत नाही. राखण ही सोबतीतून येते.

बांधावाच लागला तर सावलीत, लांब दोराने बांधा. सकाळ-संध्याकाळ फिरवून आणा. आणि जुन्नर, आंबेगावसारख्या बिबट्याच्या मुलखात, उसाच्या कडेला वस्ती असेल, तर रात्री त्याला अंगणात बांधू नका. कुत्रा हे बिबट्याचे आवडते खाणे. बांधलेल्या कुत्र्याला पळताही येत नाही, आणि त्याच्या ओढीने बिबट्या आपल्या दारापर्यंत येतो. रात्री त्याला बंद गोठ्यात किंवा पडवीत घ्या.

पिसाळ आणि आपली लेकरे

आता कान देऊन ऐका. कुत्रा पिसाळतो तो रोगाने. उन्हाने किंवा करणीने पिसाळत नाही. त्या रोगाचे विष त्याच्या लाळेत असते. चावल्याने, ओरखड्याने, किंवा फुटलेल्या कातडीवर चाटल्याने ते माणसात येते. आणि रोगाची लक्षणे एकदा दिसली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. जगात कुठेही त्यावर खात्रीचे औषध नाही. पण लक्षणे दिसण्याआधी लस घेतली तर माणूस वाचतो. फ्रान्समध्ये लुई पाश्चर यांनी 1885 साली चावलेल्या मुलाला ही लस प्रथम दिली आणि तो मुलगा वाचला.

म्हणून कुत्रा चावला तर लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे जखम धुवा. चुना, मिरची, हळद काही लावू नका. मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. पूर्वी पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागत. आता तसे नाही. दंडात देतात, आणि खेपा थोड्या असतात. पण एकही खेप चुकवायची नाही. जखम खोल असेल तर जखमेत आणखी एक औषध टोचतात, तेही घ्या. "आपलाच कुत्रा आहे, पिलूच आहे," असे म्हणून घरी बसू नका.

आणि कुत्र्यालाच आधी लस टोचा. पिलू तीन महिन्यांचे झाले की त्याला गुरांच्या दवाखान्यात न्या. पुढची तारीख डॉक्टर सांगतील, मग दर वर्षी एकदा टोचा. तारीख भिंतीवर लिहून ठेवा. आता तुम्हांला लिहिता येते!

इथे आमच्या तिन्ही गोष्टी एकत्र येतात. गावात लसीचे शिबिर भरते तेव्हा काय होते? ज्यांचे कुत्रे हाकेला येतात आणि अंगाला हात लावू देतात, त्यांना लस मिळते. बाकीचे कुत्रे रानात पळतात. मालक हात हलवत घरी जातो, आणि घरातली लेकरे त्याच कुत्र्याबरोबर खेळत राहतात. जवळीक ही चैन नाही, मंडळी. लेकरांच्या जिवाची राखण त्या जवळिकीतून होते.

आठ दिवसांचा अभ्यास

वर्ग संपला की अभ्यास असतोच. पहिल्या दिवशी कुत्र्याला नाव द्या. दुसऱ्या दिवसापासून भाकरीची वेळ पाळा. चौथ्या दिवसापर्यंत त्या नावाने हाक मारा आणि आला की तुकडा द्या. मग रोज थोडा वेळ शेजारी बसा आणि हात हुंगू द्या. घरात आठ दिवस "हाड" हा शब्द बंद ठेवा. पुढच्या शनिवारी पाटीवर दोन ओळी लिहून आणा : माझ्या कुत्र्याचे नाव काय, आणि त्याला लस कधी टोचायची.

आणि एक शेवटचे सांगणे. ज्याने दहा-बारा वर्षे दार राखले, त्याला म्हातारपणी पोत्यात घालून परगावी सोडून येऊ नका. त्याला दिसत नसेल, ऐकू येत नसेल. पण आपल्या हाताचा वास त्याला कळतो. तेवढा हात शेवटपर्यंत त्याच्या पाठीवर असू द्या.