लडाखच्या आधी रंकाळा



हौशी छायाचित्रकार चार एकत्र जमले की दोन प्रश्न हमखास निघतात. कॅमेरा कुठला घ्यावा, आणि फोटो काढायला कुठं जावं? पहिल्याचं उत्तर दुकानदार देतो, दुसऱ्याचं सहल कंपनी. मग लडाख, जैसलमेर, वाराणसीचे घाट अशी यादी तयार होते, वर्षभर पैसे साठवले जातात आणि आठ दिवसांत दोन-तीन हजार फोटो घेऊन मंडळी परत येतात. त्या ठिकाणांबद्दल माझी तक्रार नाही, ती सुंदरच आहेत. पण छायाचित्रण खरोखर शिकायचं असेल आणि हा छंद पहिल्या दोन वर्षांच्या उत्साहापलीकडं टिकवायचा असेल, तर घरापासून अर्ध्या तासात पोचता येईल अशी एक जागा निवडावी आणि तिथं बाराही महिने जात राहावं, असं माझं मत आहे. बाहेरगावचे दौरे त्यानंतर. हे मत मी कोल्हापूर आणि आसपासच्या ठिकाणांच्या आधारानं मांडणार आहे, कारण उजेड कसा वागतो याचा सगळ्यात जुना आणि सगळ्यात चोख पुरावा याच गावात आहे.

तो पुरावा म्हणजे अंबाबाईच्या देवळातला किरणोत्सव. ९, १० आणि ११ नोव्हेंबरला मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात आणि गाभाऱ्यातल्या मूर्तीपर्यंत पोचतात. पहिल्या दिवशी पायांवर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखावर. मग पुन्हा ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारीला तोच क्रम. या दोन्ही तारखा २१-२२ डिसेंबरपासून जवळपास सारख्याच अंतरावर, म्हणजे सहा-सहा आठवड्यांवर आहेत. दक्षिणेकडं सरकत जाणारा सूर्य नोव्हेंबरात ज्या जागी मावळतो, परतीच्या वाटेवर जानेवारीअखेरीस तो पुन्हा त्याच जागी मावळतो. त्या दिवसांत मावळतीची जागा रोज साधारण अर्ध्या सूर्यबिंबाएवढी सरकते. डोळ्यांना ते जाणवतही नाही, पण तेवढ्यानं उजेड पायांवरून मुखापर्यंत चढतो. क्षितिजावर ढग आले किंवा हवा दमट असली तर किरणं पोचतच नाहीत. देऊळ बांधणाऱ्यांनी हे गणित एका जागी बसून, वर्षानुवर्षं सूर्य पाहून मांडलं असणार. छायाचित्रकाराचं कामही शेवटी तेच आहे. समोरची वस्तू तीच असली तरी तिच्यावरचा उजेड दुसऱ्यांदा तसाच येत नाही, आणि हा फरक एका भेटीत कुणालाही दिसत नाही.

कोल्हापूरच्या रंकाळा तळ्याचंच घ्या. चौपाटीवरून मावळतीचा फोटो कोल्हापुरातल्या प्रत्येक फोनमध्ये आहे. लाल गोळा, चमकणारं पाणी, कठड्यावर बसलेल्या जोडप्याची काळी आकृती. तो फोटो वाईट नसतो, पण तो रंकाळ्याचा नसतो. कुठल्याही तळ्याचा असू शकतो. रंकाळा दिसायला लागतो तो पाण्याची पातळी लक्षात यायला लागली की. पाण्यातला संध्यामठ पावसाळ्यात तळं भरलं की बुडतो, आणि उन्हाळ्यात पाणी उतरेल तसे त्याचे दगड एकेक थर वर येतात. एकाच ठिकाणी उभं राहून, एकाच उंचीवरून, महिन्यातून एकदा त्याचा फोटो घेत गेलात तर वर्षअखेरीस त्या तळ्याचा हिशेबच हातात येतो. थंडीत पहाटे पाण्यावर धुकं असतं आणि ऊन वर आलं की ते बघता बघता विरतं, म्हणून उजाडायच्या आधी पोचावं लागतं. डिसेंबरात कोल्हापुरात भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून पन्नास अंशांच्या आसपासच चढतो, त्यामुळं सावल्या दिवसभर लांब राहतात आणि शालिनी पॅलेसच्या काळ्या दगडावर खोली येते. पावसाळी ढगाळ दिवशी मात्र उजेड चारी बाजूंनी सारखा येतो. इमारती सपाट दिसतात, माणसांचे चेहरे मात्र तेव्हाच सगळ्यात चांगले येतात, कारण डोळ्यांखाली सावली पडत नाही. ज्यांना वाटतं की पावसात कॅमेरा कपाटात ठेवावा, त्यांनी एकदा छत्रीखालचे चेहरे टिपून पाहावेत.

सकाळी नऊच्या आधी किंवा संध्याकाळी चारनंतरच फोटो काढावेत, भर दुपारी कॅमेरा बाहेर काढू नये, हा नियम प्रत्येक नवशिक्याला पहिल्या दिवशी सांगितला जातो. नियम चांगला आहे, पण खिद्रापूरला तो लागू पडत नाही. कृष्णेकाठच्या कोपेश्वराच्या देवळात पुढचा जो स्वर्गमंडप आहे, त्याचं छत मधोमध गोल उघडं ठेवलेलं आहे, आणि बरोबर त्याखाली जमिनीवर गोल शिळा आहे. कोल्हापूरच्या अक्षांशावर सूर्य वर्षातून दोनदाच नेमका डोक्यावर येतो, मे आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्याच्या अखेरीस. ऑगस्टात ढग असतात, म्हणजे उरला मे. तेव्हा भर दुपारी वरच्या गोलातून आलेलं ऊन खालच्या शिळेवर पडतं आणि भोवतीचे कोरीव खांब त्या शिळेवरून उसळलेल्या मंद उजेडात राहतात. डिसेंबरच्या दुपारी तेच ऊन तिरकं येतं, म्हणून शिळा सोडून उत्तरेच्या खांबांकडं सरकतं. कुठल्याही पाठ्यपुस्तकात हे लिहिलेलं नसतं, कारण पाठ्यपुस्तक सगळ्या जगासाठी असतं. उन्हात आणि सावलीत फरक फार असल्यानं इथं कॅमेऱ्याच्या हिशेबावर विसंबू नये. उन्हाचा भाग पाहून उजेड ठरवावा आणि खांब थोडे अंधारात गेले तर जाऊ द्यावेत.

एकाच जागी जात राहण्यावर पहिला आक्षेप येतो तो असा, की रोजची जागा नजरेला मरते. नव्या गावी गेलं की सगळं दिसतं, आपल्या गल्लीत काहीच दिसत नाही. आक्षेप खरा आहे. पण नव्या जागी जे दिसतं ते बहुतेक वेळा त्या जागेचं नवखेपण असतं. फोटोत त्याखेरीज काही उरत नाही, म्हणून सहा महिन्यांनी ते फोटो आपल्यालाच नीरस वाटतात. प्रागमधला योसेफ सुदेक पहिल्या महायुद्धात उजवा हात गमावून आला होता. एका हातानं मोठा लाकडी कॅमेरा सांभाळत त्यानं आयुष्यभर काम केलं. नाझी अंमलात बाहेर कॅमेरा घेऊन फिरणं अवघड झालं तेव्हा, १९४० पासून, त्यानं स्वतःच्या स्टुडिओच्या खिडकीचे फोटो काढायला सुरुवात केली आणि पुढं चौदा वर्षं काढत राहिला. काचेवर कधी दव, कधी बर्फाची नक्षी, कधी ओघळणारे थेंब, पलीकडं बागेतलं एक वाकडं झाड. विसाव्या शतकातल्या छायाचित्रणाचा इतिहास लिहिताना त्या खिडकीला वगळता येत नाही. पॅरिसमध्ये यूजेन आत्जेनं त्याआधी जवळजवळ तीस वर्षं एकाच शहराच्या गल्ल्या, दुकानांच्या काचा, जिने आणि फेरीवाले टिपले. चित्रकारांना संदर्भाला लागतील असे साधे कागद म्हणून तो ते फोटो विकत असे. रोजची जागा नजरेला मरते यावर या दोघांकडं उपाय होता, तो म्हणजे स्वतःला बांधून घेणं. आपणही तेच करावं. आज फक्त पायऱ्या, आज फक्त हात, आज फक्त सावल्या. एकच लेन्स, शक्यतो पन्नास मिलिमीटर किंवा पस्तीस; फोन असेल तर मूळची एक पट चौकट, बोटांनी ताणून मोठं करणं बंद, कारण बऱ्याचदा त्यात फोटो नुसता कापला जातो. जवळचं हवं असेल तर दोन पावलं पुढं जावं.

दोन पावलं पुढं जायचं म्हटलं की माणसांचा प्रश्न येतो, आणि इथं जवळच्या जागेचा फायदा सगळ्यात मोठा. गुऱ्हाळाचं उदाहरण घेऊ. दिवाळीच्या सुमाराला करवीर, पन्हाळा भागात गुऱ्हाळं पेटतात. आत अंधार, चुलवाणात चिपाड धडधडतंय, वर भल्यामोठ्या काहिलीत रस उकळतोय आणि पांढरी वाफ छपरापर्यंत गेलीय. कॅमेरा समोरच्या सगळ्या दृश्याचा उजेड मध्यम करडा धरून चालतो, म्हणून वाफेनं चौकट भरली की ती मळकट येते आणि अंधारानं भरली की अंधार उगाच उजळतो. वाफेसाठी उजेड एका पायरीनं वाढवावा, चुलवाणासाठी एक-दोन पायऱ्यांनी कमी करावा. वाफ उठून दिसायला दाराकडं तोंड करून, म्हणजे उजेडासमोर उभं राहावं. उजेड पाठीशी घेतला तर वाफ दिसतच नाही. फोन तर क्षणात अनेक फोटो घेऊन ते एकमेकांत मिसळतो आणि सगळा अंधार पुसून टाकतो, तेव्हा पडद्यावर जाळाच्या ठिकाणी बोट टेकून उजेड खाली ओढावा. पण हे सगळं तंत्र झालं. खरा फोटो गुळव्याजवळ, म्हणजे गूळ करणाऱ्याजवळ असतो. काकवीची तार पाहत, थोडा पाक गार पाण्यात टाकून त्याची गोळी बोटांत दाबत तो काहील उतरवायची वेळ ठरवतो. तो क्षण काही सेकंदांचा, त्याचं सगळं लक्ष बोटांत. पहिल्या दिवशी कॅमेरा पाहिला की तो ताठ उभा राहून हसणार, हे ठरलेलं. चौथ्यांदा गेलात, मागच्या वेळचा फोटो छापून हातात दिलात, की तुम्ही तिथं आहात हे तो विसरतो. तालमीतही तसंच. वस्तादांची परवानगी आधी घ्यावी, दोन दिवस नुसतं बसावं, मग हौदातल्या लाल मातीला आणि खिडकीतून येणाऱ्या तिरप्या उजेडाला हात घालावा. परक्या गावात न विचारता एखाद्याच्या तोंडावर कॅमेरा रोखून पुढं निघून जाणारे पुष्कळ असतात. ज्याला उद्या पुन्हा भेटायचंय त्याच्याशी असं वागता येत नाही, आणि हे बंधन फोटोच्या फायद्याचंच ठरतं.

दुसरा आक्षेप, या जागा आधीच टिपून झाल्या आहेत. जोतिबाच्या चैत्र यात्रेचा गुलालाचा फोटो आता नव्यानं काय काढणार? स्पर्धांमधल्या नोंदी पाहिल्या तर हे पटतंही. उंचावरून घेतलेला गुलालाचा ढग, त्यात उभ्या सासनकाठ्या, वर्षानुवर्षं तेच. पण हे फोटो सारखे येतात ते सगळेजण एकाच दिवशी, एकाच तासाला, एकाच गच्चीवर उभे राहतात म्हणून. यात्रेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गुलालानं माखलेल्या पायऱ्यांकडं, काठ्या उतरवणाऱ्या दमलेल्या माणसांकडं कुणी फिरकत नाही. आणि यात्रेच्याच दिवशी जायचं असेल तर लेन्स गर्दीत बदलू नये, कॅमेऱ्याला प्लॅस्टिकची पिशवी बांधावी. आत गेलेला गुलाल निघत नाही.

तिसरा आक्षेप पैशाचा. चांगला कॅमेरा नाही म्हणून थांबलेली माणसं कोल्हापुरात तरी नसावीत. बाबूराव पेंटरांनी दामल्यांच्या मदतीनं इथंच कॅमेरा तयार केला आणि त्यावर काढलेला 'सैरंध्री' हा चित्रपट १९२० साली पडद्यावर आला. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा मानस्तंभ उभा आहे, जाता-येता तो पाहावा. वर्षाच्या एका सहलीच्या खर्चात बरे प्रिंट किती निघतात याचा हिशेब ज्यानं-त्यानं करावा. 

मग दूर जायचंच नाही का? जरूर जावं. आँरी कार्तिए-ब्रेसाँसारखा माणूस आयुष्यभर देशोदेशी फिरला, १९४७ मध्ये भारतात आला आणि दिल्लीत गांधीजींच्या अंत्ययात्रेचे फोटोही त्यानं घेतले. पण तो बहुतेक वेळा पन्नास मिलिमीटरची एकच लेन्स घेऊन फिरे, आणि ती हातात इतकी मुरलेली होती की चौकट डोळ्याला लावायच्या आधी त्याला दिसत असे. ती सवय प्रवासात लागत नाही, रोजच्या रस्त्यावर लागते. आपल्याकडं तर हौशी मंडळींनीच आपल्या गावात फोटो काढण्याचा पाया घातला. मुंबईत १८५४ साली छायाचित्रणाची संस्था स्थापन झाली, आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू, पेशानं डॉक्टर असलेले नारायण दाजी, आपल्याच शहरातल्या माणसांचे फोटो काढत होते. त्या काळची मुंबई कशी दिसत होती हे आज कळतं ते अशा फोटोंमुळं.

कोल्हापूर भागातली गुऱ्हाळं गेल्या काही दशकांत कमी कमी होत गेली आहेत. जी चालू आहेत त्यांतलं एखादं तुमच्या घरापासून फार लांब नसेल. गुऱ्हाळ नसेल तर बाजार असेल, ओढा असेल, एसटी स्टँड असेल. येत्या रविवारी तिथं जा, त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा तिथंच जा, आणि छापलेल्या प्रत्येक फोटोच्या मागं तारीख, गाव आणि माणसाचं नाव पेन्सिलीनं लिहून ठेवा.