एका गल्लीची पलटण



१ जुलै १९१६. शनिवार होता. उत्तर फ्रान्समध्ये सोम नदीच्या खोऱ्यात सकाळी साडेसातला शिट्ट्या वाजल्या आणि ब्रिटिश शिपाई शिड्यांवरून खंदकाबाहेर चढले. त्या एका दिवसात त्यांच्यातले ५७,४७० जण ठार, जखमी किंवा बेपत्ता झाले. ठार झालेले १९,२४०. ब्रिटिश सैन्यावर असा दिवस त्याआधी कधी आला नव्हता, पुढेही आला नाही. तरी लढाई थांबली नाही. ती १८ नोव्हेंबरपर्यंत, म्हणजे १४१ दिवस चालली. ब्रिटिश, फ्रेंच आणि जर्मन मिळून दहा लाखांहून जास्त माणसं त्यात मेली किंवा घायाळ झाली, आणि एवढं होऊन आघाडी पुढे सरकली ती फार तर दहा-अकरा किलोमीटर.

हे आकडे शाळेच्या पुस्तकातही असतात. ते वाचून आपण पान उलटतो. दहा लाख माणसं डोळ्यांपुढे आणता येत नाहीत, एक गाव आणता येतं. म्हणून आज मी इंग्लंडमधल्या एका गावाविषयी बोलणार आहे.

लँकेशायर परगण्यातलं अ‍ॅक्रिंग्टन हे तेव्हा पन्नास हजारांच्या आतल्या वस्तीचं गिरणगाव होतं. सुताच्या गिरण्या, वीटभट्ट्या आणि गिरण्यांची यंत्रं बनवणारा एक मोठा कारखाना. १९१४ च्या उन्हाळ्यात त्या कारखान्यात टाळेबंदी चालू होती. ज्यांनी गिरणगावातली टाळेबंदी पाहिली आहे, त्यांना त्या घरांमध्ये काय चाललं असेल हे वेगळं सांगायला नको. ऑगस्टमध्ये पहिलं महायुद्ध पेटलं. युद्धमंत्री लॉर्ड किचनर यांना लाखोंनी नवे शिपाई हवे होते, आणि भरतीसाठी एक युक्ती निघाली. ज्यांच्यासोबत काम करता, ज्यांच्यासोबत फुटबॉल खेळता, त्यांच्यासोबतच तुम्ही लढाल, असं वचन तरुणांना देण्यात आलं. लिव्हरपूलमध्ये लॉर्ड डर्बी यांनी अशा पलटणींना दोस्तांची पलटण म्हटलं, आणि ते नाव देशभर झालं. अ‍ॅक्रिंग्टनची पलटण आजूबाजूच्या गावांची पोरं घेऊन जेमतेम दहा दिवसांत उभी राहिली. भाऊ भावाच्या पाठोपाठ गेला, शेजारी शेजाऱ्याच्या. एकटं मागे राहायचं कुणाच्या जिवावर येत नाही? त्या वयात तर येतंच.

ही पलटण १ जुलैला सेर नावाच्या खेड्यासमोर उभी होती. आधीचा आठवडाभर तोफांनी जर्मन खंदकांवर पंधरा लाखांहून जास्त गोळे टाकले होते. पलीकडे आता जिवंत कुणी उरलं नसेल, असं शिपायांना सांगण्यात आलं होतं. पण त्यातले कितीतरी गोळे फुटलेच नाहीत. बरेचसे छर्ऱ्यांचे होते, आणि छर्ऱ्यांनी माणूस मरतो, काटेरी तार तुटत नाही. जर्मनांनी त्या खडूच्या जमिनीत तीस-तीस फूट खोल तळघरं खोदली होती. अन्नपाण्याची आबाळ सोसत, वर धरणी हादरत असताना, तेही आठवडाभर त्या अंधारात बसले होते. भडिमार थांबताच ते मशीनगन घेऊन वर आले. समोरून पाठीवर तीस-तीस किलोचं ओझं घेतलेली माणसं ओळीने चालत येत होती, आणि मध्ये तार शाबूत होती.

अ‍ॅक्रिंग्टनच्या पलटणीतले सुमारे ७०० जण त्या सकाळी पुढे गेले. अर्ध्या तासात २३५ ठार आणि साडेतीनशे जखमी झाले.

गावाला हे कळलं नाही. पहिल्या दिवसांत वर्तमानपत्रांत विजयाच्या बातम्या होत्या. मग पत्रं येईनाशी झाली. शिपायाला घरी धाडायला एक छापील कार्ड मिळे. मी बरा आहे, मी इस्पितळात आहे, तुझं पत्र पोचलं, अशी तयार वाक्यं त्यावर असत आणि नको ती खोडायची असत. सही आणि तारखेखेरीज एक शब्द जरी हाताने लिहिला, तरी कार्ड फाडलं जाई. घरोघरी त्या कार्डाची वाट पाहिली जात होती. जखमींच्या तोंडून बातमी झिरपली, अफवा उठल्या, आणि लोक खरं काय ते विचारायला महापौरांच्या घरी जमले, असं सांगतात. मृत्यूची खबर देण्यातही पायरी होती. अधिकारी पडला की घरी तार जाई, साधा शिपाई पडला की टपालाने छापील फॉर्म. असे फॉर्म एकाच आठवड्यात एकाच गल्लीत दारोदार टाकणाऱ्या पोस्टमनचं काय झालं असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

न्यूफाउंडलंड हे कॅनडाच्या किनाऱ्याजवळचं कोळ्यांचं बेट. तिथली पलटण त्याच सकाळी बोमाँ-आमेलजवळ होती. पुढे जायचे खंदक मेलेल्या आणि घायाळ माणसांनी तुंबलेले, म्हणून ती मागच्या खंदकातूनच उघड्यावर निघाली. आपल्या विमानांना दिसावं यासाठी त्यांच्या पाठीवर पत्र्याचे त्रिकोण लावलेले होते. जखमी होऊन जे सरपटत परत निघाले, त्यांच्या पाठीवर तो पत्रा उन्हात चमकला आणि शत्रूच्या नेमबाजांना निशाण मिळालं. सुमारे ८०० जण गेले होते. दुसऱ्या दिवशी हजेरी घेतली तेव्हा ६८ जणांनी ओ दिली.

यातून सैन्याने धडा घेतला तो असा. त्याच वर्षी सक्तीची भरती सुरू झाली होती. आता रिकाम्या जागांवर कुठल्याही गावचे शिपाई पाठवले जाऊ लागले, आणि दोस्तांच्या पलटणींची ती घडण मोडली. मरण कमी झालं नाही, ते फक्त देशभर पातळ पसरलं, म्हणजे एका गल्लीचा आक्रोश एका वेळी उठणार नाही. मला ही गोष्ट त्या पहिल्या दिवसाच्या आकड्याहून जास्त छळते.

सोमच्या रणभूमीवर आपल्याकडची माणसंही होती. १४ जुलैच्या संध्याकाळी डेक्कन हॉर्स या भारतीय घोडदळाच्या स्वारांनी हाय वुड या रानाजवळ भाले घेऊन मशीनगनवर हल्ला केला. पण मराठा पलटणींच्या नशिबी मुख्यतः आलं ते मेसोपोटेमिया, आजचा इराक. तिथल्या कूत गावाच्या वेढ्यात अडकलेल्या पुणे डिव्हिजनमध्ये मराठा पलटणी होत्या. एप्रिल १९१६ मध्ये भुकेने टेकीला येऊन ते सैन्य शरण गेलं आणि पुढे कैदेत हजारो मेले. आपल्याकडची भरतीही जात आणि गाव बघूनच होत असे. साताऱ्याजवळचं अपशिंगे त्यासाठीच प्रसिद्ध. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जण गेले. अ‍ॅक्रिंग्टनच्या घरांत जे झालं, ते अपशिंग्यात झालं नसेल असं कोण म्हणेल?

फरक पडला तो पुढे. सोमच्या रणावर थिएपवाल इथे एक प्रचंड स्मारक आहे. नवी दिल्ली आणि इंडिया गेट उभं करणाऱ्या एडविन ल्यूटेन्स यांनीच ते रचलं. ज्यांची कबर सापडली नाही अशा ७२,००० हून जास्त माणसांची नावं त्यावर कोरली आहेत. आजही नांगराखाली कुणाची हाडं निघतात, ओळख पटली तर त्या माणसाला कबर मिळते आणि त्याचं नाव भिंतीवरून काढलं जातं. इराकमधल्या बसरा स्मारकावर मात्र भारतीय अधिकाऱ्यांची नावं कोरली गेली आणि भारतीय शिपायांची, पलटणीवार, फक्त संख्या. युद्धस्मारकं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ आयोगाने २०२१ साली अहवाल काढून या भेदभावाची कबुली दिली आणि माफी मागितली.

आपल्या खेड्यांतही त्या काळी बसवलेल्या लहान पाट्या आहेत. या गावातून इतके लढाईला गेले, इतक्यांनी प्राण दिले, एवढंच त्यांवर लिहिलेलं असतं. तुमच्या गावच्या शाळेच्या, चावडीच्या किंवा देवळाच्या भिंतीत अशी पाटी असेल, तर गावातल्या म्हाताऱ्यांना विचारा. आजोबा किंवा पणजोबा पलटणीत होते अशी घरं असतात, ट्रंकेत पेन्शनचा कागद असतो, एखादं पदक असतं. जी नावं मिळतील ती वहीत लिहा आणि ती वही शाळेत ठेवा. पाटीवर गेलेले आठ असतील आणि तुम्हाला तीनच नावं मिळाली, तरी ती तीन लिहा.