विचारावे कोणाला?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. माझे शिक्षण मराठी सातवीपर्यंतच झाले. पण चिटणीसबाईंनी आग्रह केला की, इंग्लंडात नव्याने येणाऱ्या भगिनींना उपयोगी पडेल असे चार शब्द बोला. २०२२ साली मी यजमानांबरोबर येथे आले. तेव्हापासून जे विचारून घेतले आणि वहीत उतरवून ठेवले, तेच सांगते.

नव्या बाईला पहिली अडचण इंग्रजीची वाटते. माझ्या मते त्याहून मोठी अडचण ऐकीव माहितीची. आपण ओळखीच्या माणसाला विचारतो आणि तो आपला अनुभव सांगतो. शितावरून भाताची परीक्षा होते, पण एकाच्या व्हिसावरून दुसऱ्याच्या व्हिसाची होत नाही. नोकरीवर आलेल्याची बायको, विद्यार्थ्याची बायको आणि येथल्या नागरिकाची बायको, तिघींचे नियम निरनिराळे.

आमच्या ओळखीच्या एका बाईंना छातीत गाठ लागली. कोणीतरी त्यांना सांगितले होते, "येथे डॉक्टरकडे गेलात तर मोठे बिल येते आणि व्हिसालाही धक्का लागतो." त्या चार महिने गप्प बसल्या. यजमानांनाही बोलल्या नाहीत. वास्तविक व्हिसाच्या वेळीच त्यांचा आरोग्याचा अधिभार भरलेला होता. २०२४ साली तो मोठ्या माणसाला वर्षाला १,०३५ पौंड झाला. एवढे पैसे आधी मोजायचे आणि दुखणे अंगावर काढायचे, ह्याला काय म्हणावे? शेवटी मी त्यांच्याबरोबर गेले. गाठ साधी निघाली, ही देवाची कृपा. पण चार महिने त्या बाईंच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता.

म्हणून पहिले काम हे की, घर मांडताच जवळच्या जी.पी.कडे, म्हणजे भागातल्या डॉक्टरकडे नाव नोंदवावे. नोंदणीला पैसे पडत नाहीत. पत्त्याचा पुरावा किंवा व्हिसाचा कागद नाही, एवढ्यावरून नाव नाकारता येत नाही. इंग्रजी येत नसेल तर दुभाषा मागावा. त्याचा खर्च आपल्यावर नसतो. मुलांना दुभाषा करू नये. आईच्या पाळीची तक्रार पोराने डॉक्टरला सांगावी, हे बरे दिसत नाही. नाव नोंदलेले असेल तर २५ ते ६४ वर्षांच्या बायकांना गर्भाशयाच्या तोंडाच्या तपासणीचे आणि पन्नाशीनंतर स्तनांच्या तपासणीचे पत्र घरी येते. रात्री-अपरात्री सल्ला हवा असेल तर १११ आणि जिवावर बेतले तर ९९९ हे आकडे पाठ असावेत.

दुसरी गोष्ट कायद्याची. सिटिझन्स अ‍ॅडव्हाइस ही संस्था १९३९ साली, महायुद्ध पुकारल्याच्या दुसऱ्याच दिवशी सुरू झाली. घरभाडे, कर्ज, नोकरी, कशाचाही सल्ला तेथे फुकट मिळतो आणि बाहेर फुटत नाही. व्हिसाचा सल्ला बिनपरवाना देणे हा येथे गुन्हा आहे. म्हणून 'आपला माणूस' म्हणून कोणाच्या हातावर पैसे ठेवू नयेत. तो वकील आहे का, किंवा इमिग्रेशन अ‍ॅडव्हाइस ऑथॉरिटीच्या यादीत त्याचे नाव आहे का, हे आधी पाहावे.

तिसरी गोष्ट नोकरीची. नोकरीच्या व्हिसावर आलेल्याच्या बायकोला येथे बहुतेक सर्व कामे करता येतात. नॅशनल इन्शुरन्सचा नंबर फुकट मिळतो. किमान वेतन एप्रिल २०२५ मध्ये २१ वर्षांवरील माणसाला ताशी १२ पौंड २१ पेन्स ठरले. दर एप्रिलला नवा दर पाहून घ्यावा. पगाराची चिठ्ठी मागून घ्यावी. आठवड्याला ५ दिवस काम असेल तर वर्षाला २८ दिवसांची भरपगारी रजा हा आपला हक्क आहे. मालकाशी वाद पडला तर एकॅस ह्या संस्थेकडे फोनवर फुकट सल्ला मिळतो. पासपोर्ट मात्र मालकाकडे ठेवायला देऊ नये.

आता जरा नाजूक गोष्ट. नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बाईला घरात मारहाण झाली तर, "तोंड उघडलेस तर परत पाठवतील," अशी धमकी मिळते. फेब्रुवारी २०२४ पासून नोकरीवर वा शिक्षणासाठी आलेल्यांच्या अशा पत्नींनाही ३ महिन्यांची स्वतंत्र परवानगी मागता येते. तिने आधीचा व्हिसा बदलतो, म्हणून अर्जापूर्वी जाणत्या वकिलाला जरूर विचारावे. आणि सुखाच्या संसारातही आपल्या ई-व्हिसाचे खाते आपल्याला स्वतः उघडता आले पाहिजे. घरातल्या डब्यांच्या किल्ल्या आपल्याकडे असतात, मग आपल्या नावाच्या कागदांच्या का नसाव्यात?

मैत्रिणींनो, मंडळाने डॉक्टर किंवा वकील होऊ नये. बरोबर दार दाखवावे. यंदा आपल्यापैकी प्रत्येकीने नव्याने आलेल्या एका तरी भगिनीला जी.पी.कडे आणि सार्वजनिक वाचनालयात स्वतः घेऊन जावे. वाचनालयात संगणक वापरायला मिळतो आणि इंग्रजीच्या वर्गांचीही चौकशी करता येते. पहिल्या दिवशी सोबत असली की दुसऱ्या दिवशी ती एकटी जाईल आणि पुढल्या वर्षी आणखी एकीला नेईल. एवढे झाले तरी आपले मंडळ सार्थकी लागले असे मी म्हणेन.