आपली भिंत आणि आपले चित्रकार

(जालना येथील औद्योगिक वसाहतीत, नव्याने धम्मदीक्षा घेतलेल्या कुटुंबांच्या सभेत केलेले भाषण)



आपल्यापैकी काही जण सकाळची पाळी संपवून येथे आले आहेत, तर काहींना येथूनच रात्रपाळीस जावयाचे आहे. विश्रांतीचा वेळ मोडून आपण जमलात आणि मी चित्रकलेचा विषय घेऊन आपणापुढे उभा राहिलो, याचे आपणांस नवल वाटेल. वेतन, घर, शिष्यवृत्ती, जातीचे दाखले हे प्रश्न दारात उभे असता चित्रांचे काय घेऊन बसलात, असे कोणी विचारले तर तो प्रश्न रास्तच आहे. त्याचेच उत्तर देण्याचा मी यत्न करणार आहे.

प्रथम आपण आपल्या घरातील भिंतीकडे पाहू. दीक्षा घेतल्यावर आपण घरातील देवदेवतांच्या तसबिरी उतरविल्या. खिळे तेच राहिले. त्यांवर तथागतांची व परमपूज्य बाबासाहेबांची तसबीर आली. हे योग्यच झाले. परंतु पुष्कळ घरी मी असे पाहिले की, तसबीर बदलली, तरी पाहण्याची रीत बदलली नाही. हार घातला, उदबत्ती लावली, हात जोडले आणि मंडळी कामास लागली. एका घरी मी सहज विचारले, “आपल्या भिंतीवरील बुद्धाचे डोळे उघडे आहेत की मिटलेले?” घरातील कोणासही ते सांगता येईना. रोज त्या चित्रासमोर वंदना होत होती. चित्र मात्र कोणी पाहिलेच नव्हते.

हा प्रश्न मी उगाच विचारला नाही. बाबासाहेबांनी आयुष्याच्या उत्तरार्धात स्वतः हाती कुंचला धरला आणि उघड्या डोळ्यांचा बुद्ध रंगविला. ज्यांनी राज्यघटनेचा मसुदा तयार केला, ज्यांच्या टेबलावर ग्रंथांचे ढीग असत, त्यांना रंगांशी बसावेसे का वाटले असेल? मला वाटते, जगाचे दुःख पाहणारा, जागा असलेला बुद्ध त्यांना आपल्या डोळ्यांपुढे हवा होता. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी त्यांनी नागपूर येथे आपल्या समाजाला दीक्षा दिली. त्या दीक्षेने आपले मन मोकळे केले. आपली नजर मोकळी करण्याचे काम अद्याप आपणांस करावयाचे आहे.

हा वारसा कोणाचा?

चित्रकला ही श्रीमंतांची व उच्चवर्णीयांची हौस आहे, अशी आपली समजूत करून देण्यात आली आहे. ती खोटी आहे, याचा पुरावा आपल्याच जिल्ह्यात आहे. जालना जिल्ह्यातील भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन होय. दोन हजार वर्षांपूर्वी सांची व भारहूत येथील स्तूप उभारले जात असता ज्यांनी दान दिले त्यांची नावे तेथील दगडांवर कोरलेली आहेत, आणि त्यांत या भोगवर्धनचे लोकही आहेत. भोकरदनच्या उत्खननात हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. तिच्या धाटणीची मूर्ती दूर इटलीत, पाँपेई नगरीच्या अवशेषांत मिळालेली आहे. म्हणजे या मातीतील माणसे कलेला दान देत होती आणि येथील कलेचे नाते समुद्रापार पोहोचत होते. आज आपण ज्याला कोरडा, मागासलेला मुलूख म्हणतो, त्याची ही कीर्ती आहे.

शेजारच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील अजिंठा तर आपण ऐकून आहातच. इ.स.पूर्व दुसऱ्या शतकापासून इ.स.च्या पाचव्या शतकापर्यंत तेथे ३० लेणी खोदली गेली. भिंतीवर मातीचा लेप दिला, त्यात भाताचे तूस मिसळले, वर चुन्याचा हात फिरविला आणि गेरू, पिवळी माती, काजळी अशा साध्या रंगांनी चित्रे काढली. ती काढणाऱ्या कारागिरांची नावे आपणांस ठाऊक नाहीत. परंतु ते आपल्यासारखेच हातांनी काम करून पोट भरणारे लोक होते, हे निश्चित. सतराव्या लेण्यात एक चित्र आहे. तथागत भिक्षापात्र घेऊन उभे आहेत आणि समोर यशोधरा व राहुल आहेत. चित्रकाराने बुद्धांना भव्य रंगविले आहे, आई व मुलगा मात्र लहान आहेत. असे का केले असावे, याचा विचार करीत त्या भिंतीपुढे पाच मिनिटे उभे राहा. ती आई मुलाला काय सांगत असेल? त्या मुलाला वारसा म्हणून काय मिळणार आहे? हे प्रश्न मनात उठले की चित्र पाहण्यास आरंभ झाला, असे समजा.

आजचे आपले चित्रकार

अजिंठ्याचा अभिमान धरणे सोपे आहे, कारण त्याची थोरवी जगाने मान्य केलेली आहे. आपल्याच काळात आपल्याच वस्त्यांतून उठून जे चित्रे काढीत आहेत, त्यांना ओळखणे अवघड. आज मला आपणांस त्यांचा परिचय करून द्यावयाचा आहे.

नागपूरचे सावी सावरकर यांचा जन्म १९६१ सालचा. त्यांनी बडोद्यास कलेचे उच्च शिक्षण घेतले व दिल्लीच्या कला महाविद्यालयात अध्यापन केले. पेशवाईत अस्पृश्यांच्या गळ्यात मडके व कमरेला झाडू बांधला जाई, हे बाबासाहेबांनी १९३६ साली ‘जातिनिर्मूलना’च्या आपल्या निबंधात लिहून ठेवले आहे. सावरकरांनी तो माणूस ठसठशीत रेषांनी कागदावर व कापडावर उभा केला. देवदासींची दुःखेही त्यांनी रंगविली. भारतीय चित्रकलेच्या दालनांत हा माणूस पूर्वी कोणी येऊ दिला नव्हता.

मुंबईत विक्रोळीस वाढलेले विक्रांत भिसे आंबेडकरी चळवळीची गर्दी रंगवितात. मोर्चे, निळे झेंडे व त्यांखालची माणसे त्यांच्या चित्रांत दिसतात. प्रभाकर कांबळे यांनी ‘उतरंड’ या नावाचे मांडणशिल्प केले. आपल्या आजीच्या घरात एकावर एक रचलेल्या मडक्यांची उतरंड असे, ती आठवा. वरचे मडके हलके, खालच्यावर साऱ्यांचा भार. बाबासाहेबांनी जिला श्रेणीबद्ध विषमता म्हटले, ती समजावण्यास याहून घरगुती वस्तू कोणती? हे ‘उतरंड’ २०२२ साली जर्मनीत बर्लिनच्या जागतिक कलाप्रदर्शनात मांडले गेले. त्याच वर्षी जर्मनीतीलच कासेल येथील ‘डॉक्युमेंटा’ या प्रख्यात प्रदर्शनात अमोल पाटील या मुंबईच्या कलावंताचे काम होते. महाराष्ट्राबाहेर पाहावयाचे तर बिहारच्या मालविका राज मधुबनी शैलीत बुद्धांचे व बाबासाहेबांचे जीवन रंगवितात. गोंड समाजातील दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम यांनी बाबासाहेबांचे चरित्र चित्रांतून सांगितले. ते ‘भीमायन’ २०११ साली पुस्तकरूपाने निघाले.

जर्मनीतील माणसे आपल्या चित्रकारांपुढे उभी राहून विचार करतात, आणि आपल्या वस्तीत त्यांचे नावही कोणास ठाऊक नसते. ही गोष्ट मला टोचते, म्हणून मी आज बोलावयास उभा आहे.

एका आजींचा आक्षेप

येथे एक अनुभव सांगतो. सावरकरांच्या एका चित्राची छापील प्रत मी एका घरी नेली होती. गळ्यात मडके असलेला तो माणूस पाहताच घरातील वृद्ध आजी म्हणाल्या, “बाबा, हे आमच्या भिंतीवर नको. हे मागं टाकायलाच तर आम्ही दीक्षा घेतली.” मी निरुत्तर झालो. आजींचे म्हणणे खरे होते. ज्यांनी अपमान सोसला त्यांनी तो रोज भिंतीवर पाहावा, असे सांगण्याचा अधिकार कोणास नाही.

मी चित्र गुंडाळू लागलो, तोच त्यांच्या सहावीतील नातीने विचारले, “आजी, याच्या गळ्यात मडकं कशाला?” आजी काही वेळ बोलल्या नाहीत. मग त्यांनी नातीला जवळ घेतले आणि आपल्या सासऱ्याकडून ऐकलेल्या, गावच्या पाणवठ्याच्या गोष्टी सांगावयास आरंभ केला. त्या घरात त्या गोष्टी पूर्वी कधी निघाल्या नव्हत्या, असे मुलीच्या वडिलांनी मला मागाहून सांगितले.

ते चित्र त्यांच्या भिंतीवर लागले नाही, आणि लागावयास हवे होते असेही मला वाटत नाही. परंतु एकदा पाहिल्याने त्याचे काम झाले. सगळीच चित्रे घरात टांगण्यासाठी नसतात. काही चित्रे घरातील माणसांना बोलते करण्यासाठी असतात. ज्या पिढीने सोसले ती गप्प राहिली आणि ज्या पिढीने सोसले नाही तिला काही कळलेच नाही, तर आपण दीक्षा कशासाठी घेतली हे मुलांना कोण सांगणार?

आपण काय करावे?

चित्र पाहण्यास पदवी लागत नाही. ज्या कामगाराला भट्टीतील लोखंडाचा रंग पाहून ते कितपत तापले आहे हे कळते, तांबडा, नारिंगी, पिवळा यांतील भेद ज्याच्या डोळ्यांत पक्का बसलेला आहे, त्याला रंग कळत नाहीत असे कोण म्हणेल? जी माउली बियाण्याच्या राशीतून खराब दाणा एका नजरेत वेचते, तिच्या डोळ्यांस बारकावे शिकविण्याची गरज नाही. चित्रापुढे उभे राहून तीन गोष्टी स्वतःस विचारा. यात काय काय आहे? चित्रकाराने काय मोठे केले व काय लहान? आणि हे पाहताना मी कोणाच्या बाजूला उभा आहे?

दुसरी गोष्ट. ६ डिसेंबरला आपण चैत्यभूमीस जाता. अभिवादन झाल्यावर सवड असेल तर मुंबईतील काळा घोडा भागात जहांगीर कलादालन आहे, तेथे तासभर मुलांना घेऊन जा. १९५२ साली सुरू झालेल्या या दालनात प्रवेशाचे पैसे पडत नाहीत. दारात संकोचू नका. ती जागा आपलीही आहे.

तिसरी गोष्ट आपल्या विहाराची. जयंतीचे फलक पूर्वी वस्तीतील पेंटर हाताने रंगवीत. फ्लेक्स आले आणि त्या हातांचे काम गेले. यंदाच्या जयंतीस एखादे फ्लेक्स कमी लावा आणि त्या पैशांत विहाराची एक भिंत चित्रकाराकडून रंगवून घ्या. सांचीला दान देणाऱ्या भोगवर्धनकरांनी याहून वेगळे काय केले होते?

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. आपल्या घरी एखादे मूल वहीच्या मागच्या पानावर चित्रे काढीत असेल, तर “याने पोट भरणार का?” म्हणून त्याच्यावर ओरडू नका. पोटाची चिंता खरी आहे, ती मी नाकारीत नाही. पण त्याला शाळेतून एलिमेंटरी व इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांना बसवा. पुढे शिकावयाचे ठरल्यास मुंबईचे जे. जे., नागपूर आणि आपल्या जवळचे छत्रपती संभाजीनगर येथे शासनाची कला महाविद्यालये आहेत. शिक्षकांकडे चौकशी करा, शिष्यवृत्तीचे अर्ज वेळेवर भरा. ‘शिका’ या बाबासाहेबांच्या आदेशात चित्र शिकणेही येते.

शेकडो वर्षे आपले चित्र दुसऱ्यांनी काढले आणि त्यात आपणांस गावकुसाबाहेर ठेवले. आता कुंचला आपल्या मुलांच्या हाती आला आहे. ते जे काढतील ते डोळे उघडे ठेवून पाहणारा समाज त्यांच्या पाठीशी उभा करणे, हे आपले काम आहे. आज घरी गेल्यावर भिंतीवरील बुद्धांकडे एकदा नीट पाहा आणि त्यांचे डोळे कसे आहेत, ते मुलांना विचारा.

नमो बुद्धाय! जय भीम!