वाद्यवृंदाचें ध्वनिमुद्रण : मायक्रोफोन आणि प्रीअँप यांची निवड



आजचा विषय वरवर पाहतां तांत्रिक आहे. पण तो आतां पुष्कळ घरांत शिरला आहे. पूर्वीं ध्वनिमुद्रण म्हणजे मोठ्या कंपन्यांचें काम असे. आतां कॉलेजांतील चारपांच मुलें मिळून बँड काढतात, एखाद्या सभागृहांत कार्यक्रम ठरतो, आणि तो मुद्रित करण्यासाठीं कोणता मायक्रोफोन व कोणता प्रीअँप घ्यावा, हा प्रश्न वडील मंडळींपुढें येऊन पडतो. किंमतींचे आंकडे पाहून वडील बिचकतात. मुलांना मात्र वाटत असतें कीं, जितकी किंमत अधिक तितका आवाज चांगला. प्रत्यक्ष कार्यक्रम एकदांच होतो. त्यांत जें हुकलें तें पुन्हां हातीं लागत नाहीं. म्हणून पैसा कोठें खर्चावा आणि कोठें राखावा, हें आधींच समजून घेतलेलें बरें.

मायक्रोफोन हवेंतील कंपनांचें विजेच्या कंपनांत रूपांतर करतो. त्याच्या दोन जाती मुख्य आहेत. डायनॅमिक जातींत पातळ पडद्याला चिकटविलेलें तारेचें वेटोळें चुंबकाच्या क्षेत्रांत हलतें व त्यामुळें वीज उत्पन्न होते. शुअर कंपनीनें १९६५ सालीं काढलेला एस्‌-एम्‌ ५७ हा या जातीचा सर्वपरिचित नमुना होय. ९४ डेसिबलचा आवाज त्यावर पडला, तर त्यांतून दोन मिलिव्होल्टांहूनहि कमी वीज निघते. कंडेन्सर जातींत पडदा व त्यामागील पत्रा यांमधील अंतर बदलतें. त्याच आवाजाला हा मायक्रोफोन सामान्यतः दहा ते वीस मिलिव्होल्ट देतो. मात्र त्याला बाहेरून वीज पुरवावी लागते. ती बहुधा ४८ व्होल्टांची असते, आणि या आंकड्यामागें एक मौजेचा इतिहास आहे. १९६६ सालीं नॉयमान कंपनीनें नॉर्वेच्या रेडिओसाठीं ही योजना आंखली, तेव्हां तेथील स्टुडिओंत संकटकाळच्या दिव्यांसाठीं ४८ व्होल्टांचा पुरवठा आयताच होता. तोच आंकडा पुढें जगभर रूढ झाला.

ही क्षीण वीज मुद्रणयंत्राला पुरेल इतकी वाढविणें, हें प्रीअँपचें काम. साठ डेसिबल वाढ म्हणजे हजारपट वाढ. पण आवाजाबरोबर प्रीअँपची स्वतःची सूक्ष्म खरखरहि वाढते, आणि चांगल्या प्रीअँपची ओळख या खरखरीच्या अभावांत अधिक असते.

आतां थोडें गणित करूं. ड्रमच्या अगदीं जवळ आवाजाचीं शिखरें १३० डेसिबलांच्याहि पुढें जाऊं शकतात. १३४ डेसिबल धरले, तर तो दाब ९४ डेसिबलांच्या शंभरपट होतो. वीस मिलिव्होल्ट देणारा कंडेन्सर अशा ठिकाणीं दोन व्होल्ट देईल! येथें आवाज वाढविण्याची गरजच उरत नाहीं. उलट तो आवरावा लागतो. मग महागड्या प्रीअँपनें आपला गुण दाखवावा कोठें? तो दिसतो हळुवार आवाजांत: कोणी मंद स्वरांत गात आहे, मायक्रोफोन डायनॅमिक किंवा रिबन जातीचा आहे, आणि पन्नास-साठ डेसिबल वाढ द्यावी लागत आहे, अशा वेळीं. सारांश, मोठ्यानें वाजणाऱ्या बँडला मध्यम किंमतीचा, पण भरंवशाचा प्रीअँप पुरतो. त्यांत पुरेसे मार्ग आहेत कीं नाहींत, ४८ व्होल्टांची सोय आहे कीं नाहीं, आणि जोराचा आवाज आल्यास तो कमी करण्याचें बटण आहे कीं नाहीं, एवढें पाहावें.

मार्ग मोजणेंहि सोपें आहे. गायकाला एक डायनॅमिक मायक्रोफोन, तोंडाजवळ धरलेला. गिटारच्या स्पीकरसमोर दुसरा. बास गिटारची व कीबोर्डची वीज मायक्रोफोनविना सरळ घ्यावी, तिला मिळून तीन मार्ग. ड्रमच्या संचाला चार. आणि श्रोत्यांच्या टाळ्यांसाठीं व सभागृहाच्या घुमण्यासाठीं दोन. एकूण अकरा झाले. बारा मार्गांचें यंत्र घेतलें कीं एक हातचा राहतो.

यंत्रांपेक्षांहि महत्त्वाची गोष्ट म्हणजे मायक्रोफोनची जागा. अंतर निम्में केलें तर वाद्याचा सरळ येणारा आवाज सहा डेसिबलनीं वाढतो. हें काम फुकट होतें. कार्डिऑइड मायक्रोफोनला पाठीमागचें फारच थोडें ऐकूं येतें. म्हणून रंगमंचावरील स्पीकर त्याच्या पाठीशीं ठेवावा. हायपरकार्डिऑइडचें मात्र तसें नाहीं. त्याच्या बहिऱ्या दिशा मागच्या दोन बाजूंना तिरप्या असतात. आणि एकाच वाद्याचा आवाज दोन मायक्रोफोनांत सारख्याच जोरानें, पण एक मीटरच्या फरकानें शिरला, तर दोन्ही एकत्र करतांना सुमारें १७० कंपनांचा स्वर मावळतो व आवाज पोकळ वाटूं लागतो. म्हणून मायक्रोफोन वाद्यापासून जितका दूर, त्याच्या निदान तिप्पट अंतरावर दुसरा मायक्रोफोन असावा, असा जाणत्यांचा नियम आहे.

याच्या अगदीं उलट मार्गहि आहे. कॅनडांतील काउबॉय जंकीज या बँडनें २७ नोव्हेंबर १९८७ रोजीं टोरँटोच्या होली ट्रिनिटी चर्चमध्यें एकाच मायक्रोफोनभोंवतीं वाजवून आपलें 'द ट्रिनिटी सेशन' हें मुद्रण केलें. मुद्रक होते पीटर मूर. प्रत्येक वाद्याचा तोल यंत्रावर न साधतां वादकांना पुढेंमागें सरकवून साधला गेला, आणि गायिकेचा आवाज स्पीकरमधून देऊन त्यांत मिसळला. १९८८ मध्यें तें प्रसिद्ध झालें व बँडला नांव मिळालें. पण हा मार्ग हळुवार वाजविणाऱ्यांचा आणि सुरेल घुमणाऱ्या वास्तूचा आहे. शिवाय मागाहून गायकाचा आवाज किंचित् वाढवूं म्हटलें, तर तेथें उपाय नाहीं.

शेवटीं एक सूचना. तालमींत वाजवितात त्यापेक्षां श्रोत्यांपुढें सर्वजण अधिक जोरानें वाजवितात. म्हणून चोवीस बिटांच्या मुद्रणांत शिखरांच्या वर बारा ते अठरा डेसिबल मोकळे सोडावेत. खालच्या पातळीवर मुद्रित झालेलें गाणें मागाहून उचलतां येतें; फाटलेला आवाज मागाहून पूर्णपणें सांधणें कठीण असतें.

तेव्हां ज्या वडिलांकडे मुलांनीं यंत्रांची यादी दिली असेल, त्यांनीं ती एकदम नाकारूं नये, आणि एकदम मान्यहि करूं नये. यंत्रें प्रथम भाड्यानें आणवावीं, एक तालीम मुद्रित करवावी, आणि ती मुलांबरोबर बसून ऐकावी. काय कमी पडतें तें कान सांगतील. आणि मग जो पैसा खर्च होईल तो वायां गेला असें म्हणण्याची पाळी कोणावरहि येणार नाहीं.