संगणक वर, माणूस खाली



1960च्या दशकात बर्मिंगहॅम, वुल्व्हरहॅम्प्टन येथील कारखान्यांत राबलेल्या पिढीची छायाचित्रे आम्ही संगणकात साठविली आहेत. तो संगणक सभागृहाच्या वरच्या मजल्यावर कुलुपात असतो. आणि त्या छायाचित्रांतील चेहरे ज्यांना ओळखता येतात, त्या वडीलधाऱ्यांना जिना चढवत नाही.

पडदा, कळफलक व माऊस खाली आणावेत, तर साधी यूएसबी तार सुमारे 5 मीटरपर्यंतच साथ देते. म्हणून आम्ही विस्तारकांची जोडी घेतली. एक पेटी संगणकापाशी, दुसरी खालच्या टेबलावर आणि मध्ये नेटवर्कची तार. ही 100 मीटरपर्यंत चालते. वरची पेटी चित्र खाली धाडते, खालची पेटी बोटांची हालचाल वर पोहोचविते. 1984 साली स्थापन झालेली केंब्रिजची ॲडर टेक्नॉलॉजी ही कंपनी अशीच उपकरणे बनविते. विमान-नियंत्रण कक्षांतही यंत्रे वेगळ्या थंड खोलीत ठेवून नियंत्रकांना शांत दालनात बसविता येते, ते याच युक्तीने.

पहिल्या दिवशी पडदा काळाच राहिला. आम्ही मोठ्या शहाणपणाने ती तार इमारतीच्या इंटरनेटच्या स्विचमधून नेली होती! आमच्या पेट्यांना मात्र थेट, अखंड तारच लागते. दूरवरून संगणक चालविणारे सॉफ्टवेअर फुकटही मिळते; परंतु संगणक सुरूच होईना, तर ते निरुपयोगी. पेट्यांतून तो बिघाडही खाली दिसतो.

गेल्या रविवारी एका आजींनी खाली बसून 3 नावे भरली. चौथ्या चेहऱ्यापाशी त्या बराच वेळ थांबल्या. ती जागा अजून रिकामी आहे.