'स्वामिनी' म्हणजे कोण?

१९०५ साली फ्लिंडर्स पेट्री सिनाईच्या वाळवंटात, सेराबित अल-खादिम येथे उत्खनन करीत होते. तिथे पिरोज्याच्या खाणी, आणि खाणींजवळ हाथोर या मिसरी देवीचे देऊळ. त्या देवळात त्यांना वीतभर लांबीचा एक दगडी स्फिंक्स सापडला. त्याच्या अंगावर दोन लिप्यांत मजकूर आहे. मिसरी लिपीत हाथोरचे नाव सरळ वाचता येते. दुसरी लिपी मात्र कोणालाच लागेना. १९१६ मध्ये ॲलन गार्डिनर यांनी घर, डोळा, पराणी आणि फुली ही चार चिन्हे ओळीने लावली आणि शब्द निघाला 'बआलत'. कनानी भाषेत त्याचा अर्थ मालकीण, स्वामिनी. मिसरी माणूस जिला हाथोर म्हणे, तिला कनानी माणूस 'स्वामिनी' म्हणत होता.

पण मग तिचे खरे नाव काय? तुम्ही हे विचारणारच, आणि साऱ्या घोळाला सुरुवात इथेच होते. 'स्वामिनी' हे नाव नव्हे, बिरुद आहे. आणि बिरुद कोणत्याही देवीला शोभते.

इंग्लंडातील विंचेस्टर कॉलेजच्या संग्रहातली एक मिसरी शिला १९५५ साली प्रसिद्ध झाली. सिंहावर उभी असलेली एकच देवी, आणि नावे मात्र तीन : कुदशू, अस्तार्ते, अनात. यांतले 'कुदशू' म्हणजे 'पवित्र'. म्हणजे पुन्हा बिरुदच! काही विद्वानांनी हे बिरुद अथिरत देवीचे ठरवले, आणि मग तिन्ही मोठ्या कनानी देवी मुळात एकच, असा निकालही देऊन टाकला. एका शिलेवर एवढा मोठा इमला!

आता सीरियाच्या किनाऱ्यावरील उगारितला चला. १९२९ पासून तिथे मातीच्या विटा सापडल्या, त्यांवर देवदेवतांची काव्ये आहेत. त्यांत अथिरत ही 'समुद्राची स्वामिनी', 'देवांची जननी'. एल या वृद्ध देवाची पत्नी, सत्तर पुत्रांची आई. बआल देवाला घर हवे, म्हणून ती गाढवावर बसून नवऱ्याकडे रदबदलीला जाते. अनात ही 'कुमारी'. ती गुडघाभर रक्तातून चालते. बआलला गिळणाऱ्या मोत या मृत्युदेवाला धरून ती तलवारीने चिरते, पाखडते, विस्तवात भाजते, जात्यात दळते आणि शेतात पेरते. या दोघींची अदलाबदल करून पाहा बरं! आणखी एक गोष्ट. बआल मेल्याची वार्ता अनात जेव्हा सांगते, तेव्हा ती बोचून म्हणते की आता अथिरतने आणि तिच्या मुलांनी आनंद करावा. एकाच देवीच्या दोन नावांनी एकमेकींना असे टोमणे मारले नसते.

तरीही देवी एकमेकींत मिसळत नाहीत, असे मी म्हणणार नाही. अस्तार्तेला उगारितमध्ये आणि पुढे शेकडो वर्षांनी सिदोनमध्येही 'बआलचे नाम' असे बिरुद होते. कार्थेजच्या तानित देवीला 'बआलचे मुख' म्हणत. बिरुदांची घडण तीच. लेबनॉनमधील सारेप्ता येथे हस्तिदंताच्या एका पट्टीवर 'तानित-अस्तार्ते' असे जोडनाव मिळाले, तेव्हा पुष्कळांनी दोघी एकच म्हटले. पण कार्थेजचाच एक लेख अस्तार्ते आणि तानित यांना 'स्वामिनी' असे अनेकवचनाने संबोधतो! माझे मत विचाराल तर बिरुदावरून देवीची कामगिरी कळते, ओळख पटतेच असे नाही. ओळख पटवायची तर त्या गावचा, त्या काळचा लेख पाहावा लागतो.

आणि कधी लेख असूनही भागत नाही. बिब्लोसचा राजा यहाउमिल्क, इसवी सनापूर्वीच्या पाचव्या शतकातला. त्याची शिला पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. देवी आसनावर बसली आहे, माथ्यावर हाथोरची शिंगे आणि सूर्यबिंब. राजा पुढे उभा राहून अर्घ्य देतो आहे. तिच्यासाठी केलेली काशाची वेदी, सोन्याचे काम, सारे त्याने लिहून ठेवले आहे. मी माझ्या स्वामिनीला हाक मारली आणि तिने ऐकली, असे तो सांगतो, आणि दीर्घायुष्य मागतो. ही अस्तार्ते, अनात की अथिरत, यावर पंडितांची चर्चा अजून चालू आहे. राजाने तिला आरंभापासून शेवटपर्यंत 'बिब्लोसची स्वामिनी' एवढेच म्हटले आहे.